लाल गोळीचा हिशेब

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. स्त्रीरोग विभागातून मला निरोप आला. एकवीस वर्षांची पहिलटकरीण, सातवा महिना, धाप लागतेय, छातीत धडधडतंय, एकदा बघून जा. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या त्या मुलीचे ओठ, नखं, जीभ सगळं कागदासारखं पांढरं होतं. हिमोग्लोबिन ६.४. गरोदर बाईचं ते किमान ११ असायला हवं. नवरा-बायको ऊसतोडीला गेलेले. फडावर काम करता करता चक्कर येऊन पडली, म्हणून तिथून थेट आमच्याकडे आणलेली.

"गोळ्या मिळाल्या होत्या का गं?" मी विचारलं. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं पिशवीत हात घातला आणि एकामागून एक पाकिटं काढून खाटेवर ठेवली. गावात असताना आशाताईनं घरी आणून दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या. एका पाकिटातल्या चार गोळ्या संपलेल्या, बाकी सगळी पाकिटं कोरी.

"मॅडम, गोळी खाल्ली की उलटी होते तिला," सासू म्हणाली. "अन् शी काळीशार होते. बाया म्हणतेत, लेकरू बी काळं होतंय. मग म्हटलं राहू दे."

सरकारनं गोळी दिली होती. आशाताईनं ती घरापर्यंत पोचवली होती. रजिस्टरमध्ये या मुलीच्या नावापुढे गोळ्या दिल्याची नोंदही असणार. गोळी तेवढी पोटात गेली नव्हती.

मी गेली सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयात काम करते. किती हजार केसपेपरवर मी लोहाची गोळी लिहिली असेल, त्याची गणती नाही. लिहायला पाच सेकंद लागतात. ती कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, किती दिवस घ्यायची, शी काळी झाली तर काय, हे सांगायला तीन मिनिटं लागतात. दीडशे पेशंटच्या ओपीडीत ती तीन मिनिटं मी अनेकदा दिलेली नाहीत. आज ती इथे देते.

घरोघरची गोष्ट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हा आकडा ५४.२ टक्के होता. त्याआधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता, म्हणजे आपण पुढे जायच्या ऐवजी मागे आलो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर महाराष्ट्रातलं प्रमाण ६८.९ टक्के निघालं. पुरुषही सुटलेले नाहीत. साधारण पाचातल्या एकाला ॲनिमिया आहे.

लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७० पासून आहे. २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ नावानं तो नव्यानं बांधला गेला. म्हणजे औषध आहे, फुकट आहे, पन्नासहून अधिक वर्षं आहे. मग रक्त का वाढत नाही? त्याची कारणं बरीच आहेत, पण एक कारण माझ्यासमोर खाटेवर पाकिटांच्या रूपानं पडलं होतं.

एवढ्या गोळ्या कशाला?

पेशंट मला सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न हा: "मॅडम, महिनाभर खाल्ल्या की, अजून किती?" त्याचं उत्तर हिशेबातच आहे.

रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. फुप्फुसातला प्राणवायू ते अंगभर पोचवतं. हिमोग्लोबिन बनवायला लोह लागतं. एका निरोगी माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. एका लहान खिळ्याएवढं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. रोज बाहेर जातं ते फक्त एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेवढंच अन्नातून आत येतं. मात्र पाळीत रक्त जातं, त्याबरोबर लोह जातं. गरोदरपणात बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त यांसाठी एकूण हजार मिलिग्रॅमच्या घरात लोह लागतं. जमा तेवढीच आणि खर्च वाढलेला, तर खातं रिकामं होणारच.

आता ४८ किलो वजनाची एक बाई घेऊ. हिमोग्लोबिन ८ आहे, ते १२ वर न्यायचं आहे. त्यासाठी साधारण ४५० ते ५०० मिलिग्रॅम लोह लागेल. शिवाय शरीराची रिकामी झालेली कोठारं भरायला आणखी पाचशे. म्हणजे हजाराच्या जवळपास. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, पण गोळीतलं सगळं लोह रक्तात जात नाही. ढोबळ मानानं दहा-पंधरा टक्के आत गेलं असं धरलं, तर एका गोळीमागे सहा ते नऊ मिलिग्रॅम. हजाराला त्यानं भागून बघा. साधारण एकशे दहा ते एकशे सत्तर गोळ्या होतात.

म्हणून गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस गोळी रोज घ्यायला सांगतात. म्हणूनच "दहा दिवस खाल्ली, काही फरक नाही" हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे. गोळी नीट घेतली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकानं वाढायला हवं. ते वाढून १२ झालं, की लोक औषध बंद करतात, आणि इथेच दुसरी चूक होते. कोठारं अजून रिकामीच असतात. हिमोग्लोबिन जागेवर आल्यानंतर साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची, तेव्हा कुठे खातं शिलकीत येतं.

गोळी घ्यायची रीत

लोहाची गोळी रिकाम्या पोटी उत्तम लागू पडते. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर घ्या. लिंबूपाणी, आवळा, पेरू, मोसंबी यांतलं काही सोबत असेल तर चांगलंच, कारण क जीवनसत्त्व लोहाला आत जायला मदत करतं.

चहा मात्र लोहाचा वैरी. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते तसंच शरीराबाहेर जातं. आपल्याकडे बायका सकाळी गोळी घेतात ती चहाच्या घोटाबरोबर. मी एकदा ओपीडीत ओळीनं विचारत गेले, तर निम्म्याहून जास्त जणी हेच करत होत्या. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. जेवणावरचा चहाही टाळा.

दूध आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच. गरोदर बाईला आम्ही लोह आणि कॅल्शियम दोन्ही देतो आणि ती बिचारी दोन्ही एकदम गिळून मोकळी होते. दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. सोपा उपाय असा: कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह रात्री झोपताना. रात्री घेतल्यानं मळमळही झोपेत निघून जाते.

ॲसिडिटीच्या गोळ्यांबद्दल एक शब्द. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय आता गावोगाव पोचली आहे. पोटातलं आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास ब१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकतं. ती गोळी तुम्हाला खरंच लागते का, हे डॉक्टरांना एकदा विचारा.

मळमळ, पोटात दुखणं, शौचाला घट्ट होणं, हे त्रास बऱ्याच जणांना होतात. ते खोटे नाहीत आणि बाईचे नखरेही नाहीत. फार त्रास झाला तर गोळी थोडं खाऊन घ्या. लोह थोडं कमी लागेल, पण फेकून दिलेल्या गोळीपेक्षा ते कितीतरी बरं. शौच काळी होणं हा न शोषलेल्या लोहाचा रंग आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. लोहाची गोळी चालू नसताना शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, तर ते पोटात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा लगेच डॉक्टर गाठा. आणि बाळाचा रंग? तो आई-बापाकडून येतो. गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

औषधाच्या दुकानातून गोळी घेणार असाल, तर पाकिटावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘एलिमेंटल आयर्न’ किती, ते पाहा. ३०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट असं लिहिलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष लोह शंभराच्या आसपास असतं. टॉनिकच्या बाटलीचंही तसंच. चव गोड असते, लोह किती ते लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. महागडी गोळी जास्त रक्त वाढवते असंही नाही. सरकारी फेरस सल्फेटमधलं लोह जसं लागू पडतं, तसं फार थोड्या महाग गोळ्यांतलं पडतं. काहींना दुसऱ्या प्रकारची गोळी जास्त सोसते, एवढाच फरक.

शरीराचा दरवान

लोहाबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत एक महत्त्वाची गोष्ट कळली. यकृत ‘हेप्सिडिन’ नावाचं एक संप्रेरक तयार करतं. आतड्यातून लोह आत घ्यायचं की दार लावायचं, हे ते ठरवतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन वाढतं आणि सुमारे चोवीस तास दार अर्धवट लागलेलं राहतं. झुरिचमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींवर केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की गोळी रोज देण्याऐवजी एक दिवसाआड दिली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं.

याचा व्यवहारात उपयोग असा. ज्यांना रोजची गोळी अजिबात सोसत नाही, त्यांनी ती बंद करण्याआधी डॉक्टरांना एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारावं. हा पर्याय आम्ही आता बऱ्याच जणांना देतो. मात्र गरोदर बाईनं स्वतःच्या मनानं डोस बदलू नये. तिच्याकडे दिवस मोजके असतात. तिला ॲनिमिया असेल तर उलट दिवसाला दोन गोळ्या द्याव्या लागतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, दिवस भरत आले असतील किंवा गोळी सोसतच नसेल, तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात. ते रुग्णालयात, देखरेखीखालीच घ्यायचं असतं. फार खाली असेल तर रक्त चढवावं लागतं.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. "अशक्तपणा आहे, एक ताकदीचं सलाईन लावा" ही मागणी रोज येते. साध्या सलाईनमध्ये मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं. त्यात लोहाचा कणही नसतो. त्यानं हिमोग्लोबिन वाढत नाही आणि पाच-सातशे रुपये जातात. शिवाय खूप रक्त कमी असलेल्या पेशंटला जास्त सलाईन दिलं तर हृदयावर ताण येऊन धाप वाढू शकते.

परळमध्ये सापडलेलं औषध

प्रत्येक ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचा नसतो. याची एक मोठी साक्ष मुंबईनंच जगाला दिली आहे.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरोदर बायकांमध्ये एक गंभीर ॲनिमिया दिसत होता. त्यात लाल पेशी लहान होण्याऐवजी मोठ्या होत होत्या. विल्स यांनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. कापड गिरण्यांशी जोडलेल्या गरीब कुटुंबांतल्या बायका काय खातात, हे त्यांनी पाहिलं. आहारात काहीतरी कमी आहे, असा त्यांचा कयास होता. उंदीर आणि माकडांवर प्रयोग झाले. यीस्टपासून बनवलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त पदार्थ दिल्यावर माकड सुधारलं, आणि पुढे गरोदर बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो अनोळखी घटक ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तसा घटक वेगळा काढण्यात आला आणि त्याला लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून फॉलिक ॲसिड असं नाव मिळालं.

आज सरकारी लोहाच्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, त्याचं मूळ परळमधल्या त्या कामात आहे.

मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचं दुसरं कारण म्हणजे ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व मटण, मासे, अंडी यांत असतं, दूध-दह्यात थोडं असतं, भाजी-भाकरीत जवळपास नसतंच. पुण्यात आणि आसपासच्या गावांत झालेल्या संशोधनानं ही कमतरता आपल्याकडे किती व्यापक आहे ते वारंवार दाखवलं आहे. शाकाहारी माणसं, म्हातारी माणसं, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारी माणसं, यांना धोका जास्त.

काही वर्षांपूर्वी एक माळकरी आजोबा आले होते. अशक्तपणा म्हणून सात-आठ महिने लोह-फॉलिकच्या गोळ्या घेत होते. हिमोग्लोबिन थोडं सुधारलं होतं, पण पायाला मुंग्या येत होत्या, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नव्हतं, अंधारात तोल जात होता. ब१२ अगदी तळाला गेलं होतं. फॉलिक ॲसिडनं रक्त काही काळ सुधारतं, पण ब१२ अभावी मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. इंजेक्शनं दिल्यावर त्यांच्या मुंग्या कमी झाल्या, तोल बराचसा सावरला, पण तळपायाची बधिरता पूर्ण गेली नाही. ते सहा महिने आधी आले असते तर, असं मला अजून वाटतं. म्हणून रक्त कमी असेल आणि हातापायाला मुंग्या, बधिरपणा, विसरभोळेपणा असेल, तर ब१२ तपासून घ्या. त्यासाठी माळ उतरवायची गरज नाही. गोळी किंवा इंजेक्शन स्वस्त आहे.

तिसरा प्रकार आनुवंशिक. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाच्या लाल पेशी लहान असतात, हिमोग्लोबिन जरा कमी असतं, आणि ते लोहानं वाढत नाही. दोन-दोन वर्षं लोह खाऊनही ‘१० च्या वर जात नाही’ असे पेशंट येतात, त्यातल्या काहींमध्ये हेच निघतं. त्यांना औषधाची गरज नसते, पण लग्नाआधी जोडीदाराची तपासणी फार महत्त्वाची असते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल आहे. अशा घरांत ‘एचपीएलसी’ किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करून घ्यावी. लोहाची खरोखर कमतरता आहे का, ते फेरिटिन या तपासणीतून कळतं, मात्र अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं. जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं तपासणीशिवाय लोह घेत राहणंही योग्य नाही.

नळ कुठे गळतोय?

टाकी भरत नसेल तर नळ गळतोय का ते आधी बघतात. रक्ताचंही तेच.

बायकांमध्ये पाळीत जास्त रक्त जाणं हे सर्वांत मोठं कारण. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, मोठ्या गाठी, दर दोन तासांना पॅड बदलावं लागणं, हे ‘बाईचं असतंच’ म्हणून सोडून देऊ नका. तांबी बसवल्यानंतर काहींची पाळी वाढते, तेही डॉक्टरांना सांगा. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या आतड्यात अंकुशकृमी रक्त पितात. त्यासाठी जंताची गोळी आहे. शाळा-अंगणवाडीत ती वर्षातून ठरावीक दिवशी देतात. गरोदर बाईला ती पहिल्या तीन महिन्यांनंतर देतात. मूळव्याध आणि दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात झालेली जखम, ही आणखी दोन नेहमीची कारणं.

पुरुषांना आणि पाळी गेलेल्या बायकांना माझं आवर्जून सांगणं आहे. तुमच्या शरीरातून लोह जायला नेहमीची वाट नाही. त्यामुळे तुमचं हिमोग्लोबिन उतरलं, तर ते कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे. साठीच्या एका शिक्षकांनी वर्षभर टॉनिक घेतलं होतं. टॉनिकनं थोडं वाढायचं, मग पुन्हा उतरायचं. शेवटी आमच्याकडे आले, दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी केली, तर कॅन्सर निघाला. वर्षापूर्वी तो छोटा असणार. अशा वेळी टॉनिक नुसतं कुचकामी ठरत नाही. थोडं बरं वाटायला लावून ते खरा आजार झाकून ठेवतं.

बीट, डाळिंब आणि खरं लोह

"बीट खाते, डाळिंब खाते" हे मला रोज ऐकू येतं. दोन्ही चांगली, जरूर खा. पण त्यांचा लाल रंग म्हणजे रक्त नव्हे; त्यांत लोह फारसं नसतं. आपल्या मातीतलं लोह बाजरीत आहे, अळिवात आहे, राजगिऱ्यात, माठात, शेवग्याच्या पाल्यात, हरभरा-मटकी-चवळीसारख्या कडधान्यांत आहे. मात्र वनस्पतींमधलं लोह कमी शोषलं जातं. कडधान्याला मोड आणा, भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे ते जास्त लागू पडतं. मटण, कलेजी, मासळी, सुकट यांतलं लोह सहज शोषलं जातं. खाणाऱ्यांनी ते घरातल्या बाईच्या ताटातही वाढावं. तिच्या वाट्याला रस्सा आणि बाकीच्यांना फोडी, असं बऱ्याच घरांत चालतं. लोखंडी कढईत, विशेषतः आंबट घातलेली भाजी-आमटी केली, तर थोडं लोह उतरतं. गेल्या काही वर्षांत रेशनवर आलेल्या पोषणयुक्त तांदळात पाण्यावर तरंगणारे जे दाणे दिसतात, ते प्लास्टिकचे नसतात. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि ब१२ मिसळलेलं असतं. ते निवडून फेकू नका.

आहारानं कमतरता टाळता येते. एकदा हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं, की नुसत्या आहारानं ते भरून काढणं फार अवघड. तिथे गोळी लागते.

कोणाला कोणती गोळी

सरकारी कार्यक्रमात प्रत्येक वयाला वेगळी मात्रा आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, शाळेत किंवा अंगणवाडीत. गरोदर नसलेल्या २० ते ४९ वर्षांच्या बायकांना आठवड्याला एक लाल गोळी. गरोदर आणि बाळंत बायकांना रोज एक. ही सगळी मात्रा ॲनिमिया होऊ नये म्हणून आहे. ॲनिमिया झालेला असेल तर डोस वेगळा, तो तपासणीनंतर ठरतो. लहान मुलाला जोराचा ताप किंवा जुलाब असतील, तर बरं होईपर्यंत लोह थांबवावं. आणि या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. लाल, गुळगुळीत गोळी त्यांना चॉकलेटसारखी वाटते. मूठभर गिळली तर जिवावर बेतू शकतं. डबा उंच फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवा.

त्या मुलीला आम्ही ठेवून घेतलं. शिरेतून लोह दिलं. सुट्टी देताना मी सासूला समोर बसवून गोळ्यांचा हिशेब सांगितला. रात्री झोपताना, चहा नाही, कॅल्शियम वेगळं. आठ आठवड्यांनी ती बाळंत झाली तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ होतं. प्रसूतीनंतर तिला नेहमीपेक्षा जरा जास्त रक्तस्राव झाला. ९.८ वर तिनं तो सोसला. ६.४ वर काय झालं असतं, हे वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक होतं.

दीड महिन्यानं दोघी बाळाला लसीसाठी घेऊन आल्या, तेव्हा मला भेटायला वर आल्या. मुलीनं रिकामी पाकिटं दाखवायला आणली होती. मी सहज सासूच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. पांढरी. वय बेचाळीस. पाळी दहा-दहा दिवस चालते, म्हणाली. खाली प्रयोगशाळेत पाठवलं, हिमोग्लोबिन ७.९.

"आधी कधी तपासलं होतं?" मी विचारलं.

"धाकट्याच्या बाळंतपणात असंल," ती म्हणाली. "त्याला वीस वरसं झाली."

मी तिचा केसपेपर काढला, सोनोग्राफी लिहिली, गोळ्या लिहिल्या, आणि तीन मिनिटं तिच्याशी बोलले.